घड्याळजीचा घसा

९ सप्टेंबर

डॉक्टरांनी आजपासून माझं बोलणं बंद केलंय. म्हणून ही वही. बोलायचं नाही तर निदान लिहायचं तरी, नाहीतर माणूस फुटेल.

घसा दुखायला लागला त्याला महिना उलटून गेला. सर्दी नाही, ताप नाही, खोकला म्हणावा तर तोही धड नाही. सकाळी उठलं की आतून कुणीतरी पॉलिश पेपर घासून गेल्यासारखं वाटतं, आणि मग दिवसभर काहीतरी अडकलंय, अडकलंय. खाकरलं की क्षणभर बरं, की पुन्हा आहेच. ही म्हणते, "अहो, किती खाकरता! घरात कुणाची तरी स्कूटर सुरू होत नाहीये असं वाटतं."

हिला बोलायला काय जातंय! शाळेत खेळ शिकवते. लग्न झाल्यापासून बघतोय, ही या टोकाला ओरडली की मैदानाच्या त्या टोकाचं पोर जागच्या जागी थबकतं. आणि घसा कसा, ठणठणीत! माझा जन्म गेला हळू बोलण्यात. दिवसा ग्रंथालयाच्या काउंटरवर, संध्याकाळी नाटकाच्या विंगेत प्रॉम्प्टर. आवाज चढवलाय कुणी, आणि दुखतंय कुणाचं! न्याय म्हणून काही आहे की नाही?

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी टॉर्च मारून पाहिलं आणि म्हणाले, "थोडा लाल दिसतोय. गुळण्या करा आणि आवाजाला विश्रांती द्या. पंधरा दिवसांत बरं वाटलं नाही तर घशाच्या डॉक्टरांना दाखवा."

विश्रांती! आणि ती नेमकी आत्ताच! मंडळाच्या नव्या नाटकात भूमिका मिळालीय. मला! एवढी वर्षं दुसऱ्यांची वाक्यं दुसऱ्यांच्या कानात घातली, आता पहिल्यांदा माझी स्वतःची वाक्यं आहेत. घड्याळदुरुस्तीचं दुकान चालवणारा म्हातारा घड्याळजी. पहिले दोन अंक नुसतं हं नाही तर हूं, आणि तिसऱ्या अंकात रुसून गेलेली मुलगी परत येते तेव्हा जो बोलायला लागतो तो थांबतच नाही. तेवीस नोव्हेंबरला पहिला प्रयोग.

दिग्दर्शकबाई म्हणाल्या, "कुजबुजे, दुसरं कोणी मिळत नाहीये. तुम्हीच करा." मंडळात मला कुजबुजेच म्हणतात, खरं आडनाव कुणाला आठवत असेल असं वाटत नाही. दुसरं कोणी मिळालं नाही म्हणून का होईना, मिळाली ना!

तर विश्रांती. त्यात काय अवघड आहे? आजपासून नुसतं कुजबुजायचं. त्या कामात माझा हात कोण धरणार!

१३ सप्टेंबर

कुजबुज कडक चालू आहे. ग्रंथालयात कुणाला फरकही कळला नाही. फक्त पेपरवाल्या आजोबांना कळला. हे गृहस्थ रोज उघडायच्या वेळेला हजर असतात आणि मथळे मोठ्यांदा वाचतात. मी रोज ओठावर बोट ठेवून "शू" करतो, ते रोज "सॉरी, सॉरी" म्हणतात आणि पुढचा मथळा त्याहून मोठ्यांदा वाचतात. आज म्हणाले, "शू करण्यातही दम नाही तुमच्या. काय झालंय?" मी घसा दाखवला. झालं! "पुस्तकांची धूळ! शंभर टक्के धूळ!" आजोबांनी स्वतःच्या खिशातून मास्क काढून दिला. आता मी मास्कमधून कुजबुजतो. एका बाईंनी स्वयंपाकाचं पुस्तक मागितलं होतं, त्यांना सांगितलं ते वरच्या मजल्यावर आहे, तर त्या घरी निघून गेल्या.

नाटकात माझी मुलगी होणारी पोरगी औषधांच्या दुकानात असते. पेपरमिंटच्या गोळ्या तिच्याकडूनच आणतो. जाम थंडगार वाटतं. आज म्हणाली, "काका, परवाच पाकीट नेलंत ना? अजून एक?" मी मानेनंच हो म्हटलं. पोरगी गुणी आहे, पण धंदा करायची अक्कल नाही.

२० सप्टेंबर

तालमी जोरात आहेत. माझ्या सोडून सगळ्यांच्या. मी माझं काम कुजबुजत करतो. बाई म्हणाल्या, "कुजबुजे, पहिल्या रांगेत बसूनही तुमचं एक अक्षर ऐकू येत नाही." मी कागदावर लिहून दाखवलं : डॉक्टरांची आज्ञा.

तालीम संपवून घरी यायला उशीर होतो. पोटात कावळे कोकलत असतात. ही झाकून ठेवते ते सगळं तिखटासकट चाटूनपुसून खातो, वर कॉफी, आणि तसाच जमिनीवर चटई टाकून आडवा होतो. उशीसुद्धा घेत नाही, पाठीला बरं पडतं. एवढी शिस्त असून सकाळी तोंड आंबट आणि घसा कालच्यापेक्षा वाईट. घशासाठी मध-लिंबाचं पाणी पितो ते आंबट असतं, त्याचंच ते असणार.

एक गोष्ट मात्र डोळ्यांवर येतेय. खर्जसाहेब. आमचे कायमचे नायक, बँकेत मॅनेजर. आवाज इतका खोल की विहिरीतून येतोय असं वाटावं. या नाटकात त्यांना भूमिकाच नाही. तरी रोज तालमीला येतात आणि मला थर्मासमधून कोमट पाणी देतात. कशासाठी? घशाचा अंदाज घ्यायला. माझ्या घड्याळजीवर डोळा आहे त्यांचा. आज बाई सगळ्यांसमोर त्यांना म्हणाल्या, "तुम्हीही घड्याळजीचं काम पाठ करून ठेवा. वेळ सांगून येत नाही." तर हे म्हणाले, "छे, मला जमणार नाही. बँकेत मरणाचं काम आहे." आळशी माणूस. बरंच झालं.

२६ सप्टेंबर

आता कानातही ठणकतं. दुपारी ग्रंथालयाच्या संगणकावर शोधलं. नको तिथे शोधलं. तो आजार मी इथे लिहिणार नाही. लिहिला की लागेल असं वाटतं.

काउंटरवर आलेल्या आजींना एकच पुस्तक तीनदा दिलं. पंधरा दिवस तर झाले होते, पण घशाच्या डॉक्टरांकडे जायची हिंमत होईना. न गेलं तर निदान घड्याळजी करता येईल, मग काय व्हायचं ते होवो. खुळेपणा आहे, कळतंय मला.

हिला काही सांगितलं नाही. येताना तिच्यासाठी नवी शिट्टी आणली, पितळेची. भांडी घासली. वॉशिंग मशीन कसं चालवायचं ते तिला नीट समजावून सांगितलं, म्हणजे पुढे अडचण नको. ती म्हणाली, "मशीन मीच चालवते. काय चाललंय तुमचं?" मी कुजबुजलो, "काही नाही गं, सहज."

ती उठून बाल्कनीत गेली आणि कुणाला तरी फोन लावला. हिचा फोन म्हणजे सगळ्या इमारतीला ऐकू जातो. आज मात्र एक शब्द ऐकू आला नाही.

१ ऑक्टोबर

कुठून सुरुवात करू!

सकाळी ही म्हणाली, "चला." कुठे ते सांगितलं नाही. थेट कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंच्या दारात. वेळसुद्धा ठरवून ठेवलेली. पळायला जागा नव्हती.

नाकातून एक बारीक नळी घातली, पुढे कॅमेरा. समोर पडद्यावर माझा घसा, हा एवढा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ई म्हणा." मी म्हटलं. "मोठ्यानं म्हणा." मी कुजबुजत सांगितलं, "विश्रांती चाललीय."

"कधीपासून असं कुजबुजताय?"

"तीन आठवडे झाले. एकदाही नियम मोडला नाही."

त्यांनी नळी काढली, खुर्ची मागे घेतली आणि हसायला लागल्या. म्हणाल्या, "अहो, कुजबुज म्हणजे विश्रांती नव्हे. कुजबुजताना गळा आवळला जातो. विश्रांती म्हणजे गप्प, नाहीतर सरळ साधं बोलणं. तुम्ही तर दुखऱ्या पायानं लंगडी घालताय."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. अहो, आयुष्यभर हेच केलंय मी!

"आणि ते... गाठबीठ?" एवढंच कसंबसं विचारलं.

"काही नाही. स्वच्छ आहे. सूज आहे, लाली आहे, बस."

जीव भांड्यात पडला म्हणतात ते काय असतं ते आज कळलं. ही म्हणाली, "आलेच मी, फोन आलाय," आणि बाहेर गेली. तिचा फोन माझ्या खिशात होता. घाईत विसरली असेल. बऱ्याच वेळानं आली, तोंड धुऊन.

मग माझी उलटतपासणी झाली. जेवता कधी, झोपता कसे, दिवसभर काय चघळता. एकेक उत्तर देत गेलो तशी डॉक्टरीणबाईंची मान डोलायला लागली. पोटातलं आम्ल वर येतंय म्हणे, रात्री, गुपचूप, थेट घशापर्यंत. मी म्हटलं, छातीत कधी जळजळ नाही झाली. तर म्हणाल्या, पुष्कळांना होत नाही, म्हणून तर वर्षानुवर्षं गोळ्या चघळत बसतात. आणि त्या पेपरमिंटच्या गोळ्या! पोटाच्या तोंडाशी जी झडप असते ती पुदिन्यानं सैल पडते. म्हणजे थंडगार वाटावं म्हणून मी रोज स्वतःच दार उघडून देत होतो. वर सतत खाकरायचं, की सुजलेले स्वरतंतू एकमेकांवर आपटतात, त्यानं आणखी खवखव, की पुन्हा खाकरायचं. धूळ बिचारी निर्दोष सुटली. सगळे उद्योग माझेच.

आता झोपायच्या तीन तास आधी जेवण. कॉफी, तिखट, पेपरमिंट बंद. पलंगाची डोक्याकडची बाजू उंच. खाकरावंसं वाटलं की घोटभर पाणी गिळायचं. काही आठवडे औषध. आणि कुजबुज बंद, एकदम बंद. "तीन आठवड्यांपेक्षा जास्त घसा दुखला की घरी अंदाज बांधत बसायचं नसतं," म्हणाल्या. मी मान खाली घातली. हिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "वॉशिंग मशीन!"

२ ऑक्टोबर

हिनं पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घातल्या. पोरांकडून कवायत करून घेतात तसा माझ्याकडून उचलून घेतला पलंग. सकाळी उठलो तर आम्ही दोघं पांघरुणासकट घसरत घसरत पायथ्याशी गोळा झालेलो. इतकं हसलो की घसा दुखला. चालेल!

९ ऑक्टोबर

स्वरोपचार शिकवणाऱ्या ताईंकडे गेलो. मला वाटलं काहीतरी भारी यंत्र असेल. त्यांनी पेल्यात पाणी घातलं, हातात नळी दिली आणि म्हणाल्या, "बुडबुडे काढा. काढता काढता गुणगुणा." या वयात! पण बुडबुड्यांत गुणगुणलं की घशाला त्रास होत नाही, खरंच नाही होत. मग पोटावर हात ठेवायला लावला. श्वास तिथून, आवाज तिथून, गळा मोकळा. "घरात कुणी असं बोलतं का?" ताईंनी विचारलं. हिनं उत्तर दिलं तेव्हा टेबलावरच्या पेल्यातलं पाणी हललं. ताई म्हणाल्या, "बघा, असं!"

घरी येईपर्यंत हिच्या अंगावर मूठभर मांस चढलेलं. "सगळी गल्ली मला हळू बोला म्हणते, आणि आता बघा, माझा आवाज औषध म्हणून लिहून दिलाय!"

१८ ऑक्टोबर

काही फरक नाही. ऊन असताना जेवतो, घसरत झोपतो, बुडबुडे काढतो, आणि घसा आपला तसाच. आज चिडून पेला आपटला. हिनं फरशी पुसली.

बाईंनीही आज स्पष्ट सांगितलं, "महिनाअखेरपर्यंत आवाज आला नाही तर मला खर्जसाहेबांना उभं करावं लागेल. माझाही नाइलाज आहे." त्यांचं बरोबर आहे. तिकिटं छापून झालीत. पण मला ती भूमिका हवीय. कुणापुढे बोललो नाही, इथे लिहितो : मला ती फार हवीय. एकदा तरी माझं वाक्य माझ्या तोंडून शेवटच्या रांगेपर्यंत जावं.

खर्जसाहेबांना बाईंनी पुन्हा विचारलं, किती पाठ झालं? म्हणाले, "एक ओळ नाही." वर हसले. लाज नाही. औषधवाल्या पोरीला मी म्हटलं, "बघ, या माणसाला काही किंमतच नाही." ती म्हणाली, "काका, असं काय म्हणता, त्यांनीच तर बाईंना तुमचं नाव..." आणि एकदम खोकायला लागली. माझा घसा तिला लागला की काय! तिला कोमट पाणी दिलं, खर्जसाहेबांच्याच थर्मासमधलं.

२७ ऑक्टोबर

चहा झाला, दाढी झाली, बूट घालून जिन्यात आलो, आणि लक्षात आलं की उठल्यापासून खाकरलोच नाही! तसाच वर पळालो हिला सांगायला. ही म्हणाली, "मला मगाशीच कळलं. पण म्हटलं बोलू नये, दृष्ट लागते."

३० ऑक्टोबर

तालमीत तिसरा अंक पूर्ण आवाजात केला.

पहिलं वाक्य म्हटलं आणि मीच दचकून मागे पाहिलं. कुणाचा म्हणायचा हा आवाज? जरा घोगरा, पण चांगला आहे हो! बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "कुजबुजे, इतकी वर्षं कुठे लपवून ठेवला होतात?" भूमिका माझी. पक्की. खर्जसाहेबांनी येऊन पाठीत असा धपाटा घातला की मी घड्याळांच्या टेबलावर पडलो. हरल्याचा राग असेल, पण चेहऱ्यावर दाखवला नाही. मोठा नट आहे.

१२ नोव्हेंबर

घसा बरा आहे. मोडत नाहीये ती माझी खोड. महत्त्वाचं वाक्य जवळ आलं की आवाज आपोआप खाली उतरतो, अंगवळणी पडलंय ना. म्हणून हल्ली ही तालमीला येऊन शेवटच्या रांगेत बसते. ऐकू आलं नाही की हात वर करते. पहिल्या दिवशी हात खाली आलाच नाही. आज चारपाच वेळाच गेला.

माझ्या विंगेतल्या स्टुलावर आता खर्जसाहेब प्रॉम्प्टर म्हणून बसतात. हौसेनं मागून घेतलं काम. आणि त्यांची कुजबुज म्हणजे काय सांगू! पोरगी एक शब्द चुकली, तर विंगेतून असं गडगडलं की दारातला चहावाला कप घेऊन आत आला. मी त्यांना हळू कसं सांगायचं ते शिकवत होतो, तेवढ्यात ही शेवटच्या रांगेतून ओरडली, "अहो, कुजबुजू नका!"

२४ नोव्हेंबर

काल प्रयोग झाला.

संध्याकाळी लवकर जेवलो. मेकअपच्या खोलीत पेला घेऊन बुडबुडे काढत बसलो होतो, तर हळूहळू सगळ्या नटांनी पेले आणले. दहाएक माणसं दाढ्यामिशा लावून बुडबुडे काढतायत! भीती जरा कमी झाली.

पहिला अंक गेला, दुसरा गेला. तिसऱ्यात दार वाजलं, पोरगी आत आली. माझं बोलणं सुरू झालं. समोर सगळा अंधार, पण शेवटच्या रांगेपाशी दाराच्या वरचा दिवा असतो, तिथे ही दिसत होती. हात वर जात नव्हता. मी बोलत राहिलो. मुलगी रुसून गेल्यापासून दुकानातलं एकही घड्याळ मी बरोबर लावलं नाही, ते सगळं सांगितलं, आणि थांबलो. आता तिनं म्हणायचं, "बाबा, मला परत जायचं नाही. आपलं दुकान मी उघडीन."

ती म्हणेना.

डोळे भरलेले, ओठ हलतायत, शब्द नाही. गेलं वाक्य! मी विंगेकडे पाहिलं. खर्जसाहेब रुमालात तोंड खुपसून बसलेले, संहिता जमिनीवर. ऐनवेळी सर्दी झाली माणसाला! आणि इतक्या वर्षांची सवय, तिचं वाक्य कुजबुजत कुजबुजत माझ्या दातांपर्यंत आलं. तिथून पुढे नेहमीचीच वाट होती.

गिळलं मी ते. खाकरणं गिळतो तसं गिळलं. पोटात श्वास घेतला आणि मोठ्यांदा म्हणालो, "बोल ना गं! दार वाजवलंस तेव्हापासून तोंडावर आलंय तुझ्या. परत जायचं नाहीये ना तुला? दुकान उघडायचंय ना आपलं? मग म्हण की मोकळेपणानं! आयुष्यभर मनातल्या मनात बोलत राहिलो मी, तू नको तसं करूस!"

हे शेवटचं संहितेत नाही. कुठून आलं ठाऊक नाही.

पोरगी रडत रडत म्हणाली, "हो बाबा. नाही जायचं मला. मी उघडीन दुकान." आणि लोकांनी टाळ्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं. मी खाली पाहतच नव्हतो, त्या दाराच्या दिव्याकडे पाहत होतो. ही उभी राहिली होती. पितळेची नवी शिट्टी तोंडात घालून जी फुंकली तिनं, की पडदा ओढणाऱ्याला वाटलं हाच इशारा. त्यानं पडदा पाडला.

प्रयोगानंतर बाई म्हणाल्या, ते वाक्य आता कायमचं ठेवायचं. पडदा मात्र शिट्टीवर पडणार नाही.

सगळे जेवायला गेले. आम्ही नाही गेलो, झोपायची वेळ जवळ आली होती. घरी येऊन घोटभर पाणी प्यायलो आणि विटांवरच्या पलंगावर शेजारी शेजारी घसरत बसलो. ही म्हणाली, "ऐकू आलं हो. एकूण एक शब्द." हे ती हळू आवाजात म्हणाली. तिला येतं हळू बोलता, मला माहीतच नव्हतं.

२५ नोव्हेंबर

ग्रंथालय उघडलं. पेपरवाले आजोबा आधीच येऊन बसलेले. एक बाई काउंटरवर आल्या, त्याच, स्वयंपाकाच्या पुस्तकवाल्या. त्यांना म्हटलं, "वरच्या मजल्यावर, खिडकीजवळचं कपाट, मधला खण. आणि परवा नाटक पाहिलंत का आमचं?" मग त्यांनी विचारलं कुठलं, मग मी सांगायला लागलो, पहिल्या अंकापासून.

सांगता सांगता समोर लक्ष गेलं. आजोबांनी पेपर खाली ठेवला होता. चष्म्यावरून माझ्याकडे रोखून पाहत होते. मग सावकाश, इतकी वर्षं वाट पाहिल्यासारखं, त्यांनी ओठावर बोट ठेवलं.

"शू!"

"सॉरी, सॉरी," मी म्हणालो. चांगलं मोठ्यांदा म्हणालो.